सोबतचा दगड

फेगडे सर दगड चाटून बघत. आम्ही एफ.वाय.ला होतो तेव्हा पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी ट्रेमधला एक पांढरट दगड उचलला, शर्टाला पुसला, जिभेच्या टोकाला लावला आणि म्हणाले, "चिकटतोय. म्हणजे यात माती आहे. आता तुम्ही." कोणीच पुढे झालं नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आज चतुर्थी आहे." सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "मग उद्या चाट," म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. कॉलेज धुळ्याचं. मी पारोळ्याहून रोज एस.टी.ने जायचे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील पारोळ्याच्या मार्केट यार्डात पोत्यांची तोंडं शिवायचं काम करायचे. भूगर्भशास्त्र मी निवडलं असं म्हणणं खोटं होईल. वनस्पतिशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, आणि खिडकीतला क्लार्क म्हणाला, "हे घे. यात पोरी येत नाहीत, जागा आहे." मी घेतलं. घरी येऊन सांगितलं तर वडील बराच वेळ विचार करून म्हणाले, "दगडं शिकाडतस का? बरं शे. दगड कुठे पयी जातस." दगड काही पळून जात नाहीत, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

सर तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. मूळचे यावलकडचे, घर केळीच्या बागायतीचं. भाऊ केळी करायचे आणि हे एकटे दगडांत शिरले. अंगाने काडीसारखे, आणि डावा खांदा उजव्याहून दोन बोटं खाली. त्या खांद्यावर वर्षानुवर्षं खाकी पिशवी असायची आणि पिशवीत दगड. "सर, कसे आहात?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "चाललंय. ओझं तेच, खांदा बदलतो." खरं तर खांदासुद्धा ते बदलत नसत. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असायची. पण दमले की गावाकडची वळणं बाहेर यायची. "होऊ राह्यलं हळूहळू," असं म्हणाले की समजायचं, सर आज फार थकलेत. आणि ते बहुतेक रोजच तसं म्हणत.

केळं मात्र ते कधी खात नसत. एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात कोणीतरी प्रत्येकाच्या हातात एकेक केळं दिलं, तर त्यांनी ते शेजारच्या मुलाच्या खिशात घातलं. "लहानपणी इतकी खाल्ली," ते म्हणाले, "की आता नुसतं सालाला हात लागला तरी वडिलांचा आवाज ऐकू येतो."

त्यांच्या पत्नी जळगावला शाळेत शिक्षिका होत्या. सर धुळ्यात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या गाडीने जळगावला जायचे. पारोळ्यापर्यंत आमची गाडी एकच. सर माझ्याशी बोलायचे ते बहुतेक तिथेच, आणि बोलायचे ते एकाच विषयावर.

तो विषय म्हणजे एक गोगलगाय.

सातपुडा ओलांडून धडगावच्या पुढे गेलं की नर्मदेचा काठ लागतो. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. आपल्याकडे खणावं तिथे काळा दगड लागतो. पण तिथे नदीने खोल चिरत जाऊन काळ्या दगडाच्या खालचा पांढरट चुनखडीचा एक थर उघडा केला आहे. तो थर समुद्राच्या तळाचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्या थरात सरांना एक गोगलगाय मिळाली होती, स्क्रूसारखी निमुळती, करंगळीएवढी. बाकीच्या अशा गोगलगायींपेक्षा हिची वेटोळी जास्त गोल होती आणि दोन वेटोळ्यांमधली खाच फार खोल. हिचं वर्णन आजवर कोणी केलेलं नाही, ही नवी जात आहे, असं सरांचं म्हणणं. चौदा वर्षं ते हेच म्हणत होते. नावही ठरलेलं होतं, खानदेशेन्सिस. म्हणजे खानदेशातली. नवीन जातीचं वर्णन छापून आलं की त्यावर त्यांची अडकलेली पीएच.डी. पुरी होणार होती.

"जगात कुठेही कोणी ही गोगलगाय उचलली," ते एकदा गाडीत म्हणाले, "तर त्याला खानदेश म्हणावं लागेल. उच्चार जमो न जमो."

त्यांच्या घरी याची टिंगल व्हायची. तेही त्यांनीच सांगितलं. पुतणीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत थोरला भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या तात्याचं काय, तो दगडाला पाणी घालू राह्यला. इतक्या वर्षांत आमच्या केळीचे दहा वेळा घड निघाले. याची एक गोगलगाय काही बाहेर येत नाही." सरांनी हे सांगताना भावाचा आवाजही काढला. मला हसू आलं आणि मग वाटलं, हसायला नको होतं.

दर हिवाळ्यात सर विद्यार्थ्यांना घेऊन नदीवर जायचे. दोन रात्री मुक्काम असायचा. आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी, त्यामुळे मला घरून पाठवलं नाही. मी वडिलांशी भांडलेही नाही. सरांनी विचारलं तर म्हटलं, "घरी लग्न आहे." सर म्हणाले, "बरं." त्यांना कळलं असावं.

सहलीचे किस्से मग मी आत्माराम नानांकडून ऐकायचे. नाना आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. कॉलेजच्या मागेच त्यांची खोली होती आणि सहलीला ते सोबत असत. त्या वर्षी परत येताना एस.टी.च्या कंडक्टरने पोत्यांवर हात ठेवला.

"काय आहे यात?"

"दगड," सर म्हणाले.

"मास्तर, मी थट्टेला नाही उभा. काय आहे?"

"दगडच आहेत. हात घालून बघा."

कंडक्टरने हात घातला. मग म्हणाला, "धडगावहून धुळ्याला दगड? धुळ्यातले संपले का?"

"हे समुद्रातले आहेत."

कंडक्टरने सगळ्या गाडीला ऐकवलं, "ऐका हो, धडगावला समुद्र आहे म्हणतात मास्तर!" गाडी हसली. मागे बसलेला एक म्हातारा तेवढा गंभीरपणे म्हणाला, "व्हई बी. तठे कोन जाई ऱ्हायनं पाहाले?" नाना सांगत, त्या म्हाताऱ्याशेजारी जागा मिळवून सर शहाद्यापर्यंत त्याला समुद्र समजावत होते.

त्या सहलीहून आलेली पोती टेबलाखाली ठेवली गेली. प्रत्येक दगडाच्या पोटात एकेक गोगलगाय, कुठे टोक दिसतंय, कुठे एखादं वेटोळं. ती मोकळी करायची होती. मुलांनी दोन दिवस हातोडी-छिन्नी चालवली, चार गोगलगायी मोडल्या आणि काम सोडलं. मी सरांना विचारलं, "मी करून बघू का?" दुसऱ्या दिवशी घरून दाभण आणलं, वडील पोती शिवायचे ते. त्याचं टोक किंचित वाकडं असतं, त्यामुळे खाचेत नीट फिरतं. दाभण आणि एक जुना टूथब्रश. रोज प्रॅक्टिकल झालं की मी तासभर बसायचे.

मला अभ्यासात फार काही येत नव्हतं. इंग्रजी व्याख्या पाठ करताना रडू यायचं. पण हे काम माझ्या हाताला येत होतं. पूर्ण साफ झालेली पहिली गोगलगाय मी सरांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी ती भिंगाखाली फिरवून फिरवून बघितली. म्हणाले, "ताई, हे कुठे शिकलीस?" मी दाभण दाखवलं. त्यांनी तेही भिंगाखाली धरून बघितलं.

वर्षभरात मी त्रेसष्ट गोगलगायी साफ केल्या. सर मापं घ्यायचे आणि मी लिहायचे. त्यांची एकच शिस्त होती. "दिसलं ते लिही. वाटलं ते लिहू नको." मी एकदा मापाच्या पुढे 'सुंदर' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं नाही. नुसतं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खोडलं.

साफ करताना निघालेल्या कपच्या, तुकडे, सगळं मी पोत्यात भरत गेले. पोती भरली. पावसाळ्यात मागच्या दारापासून नानांच्या खोलीपर्यंतच्या वाटेवर चिखल व्हायचा. नानांनी विचारलं, "व माय, हाई खडी ऱ्हाऊ देऊ का टाकी देऊ वाटवर?" मी म्हटलं, "टाका की नाना. त्याचं आता काय काम?" नानांनी सगळी पोती वाटेवर उपडी केली आणि वरून पाय देऊन दाबली. छान पांढरी वाट झाली.

पीएच.डी.ची वाढवून घेतलेली मुदतही संपत आली होती. सरांनी पेपर टाईप करून घेतला आणि कलकत्त्याच्या एका नियतकालिकाला पाठवला. चार महिन्यांनी संपादकांचं उत्तर आलं. पेपर चांगला आहे, छापता येईल. फक्त एक विचारणा होती. तुमच्याजवळचे सगळे नमुने आतले साचे आहेत, कवचाच्या बाहेरच्या नक्षीचे ठसे मिळाले असल्यास त्यांचं वर्णन जोडावं.

सर खुशीत होते. पत्र हातात घेऊनच ते प्रयोगशाळेत आले. "ते काम शेवटी करू म्हणून राहून गेलं होतं. ताई, सोबतचा दगड काढ बरं. कुठल्या पोत्यात आहे?"

"कुठला सोबतचा दगड, सर?"

"अगं, गोगलगायीच्या अंगाला लागून असतो तो. तू सोडवलास तो."

मला काही कळेना. मग त्यांनी खडू घेतला आणि टेबलावरच काढून दाखवलं. गोगलगाय मरते. तिच्या रिकाम्या कवचात चिखल भरतो आणि बाहेरूनही चिखल बसतो. पुढे दोन्ही चिखलांचा दगड होतो. मधलं कवच मात्र पाण्यात विरघळून जातं. आपल्या हातात येते ती गोगलगाय नव्हे, तिच्या आतल्या पोकळीचा साचा. तो गुळगुळीत असतो. तिच्या अंगावर बाहेरून काय नक्षी होती, ते फक्त भोवतीच्या दगडावर उमटलेलं असतं, उलटं.

मी मागच्या दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं आणि वाट उन्हात पांढरी दिसत होती.

मला वाटलं होतं, सर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. हे मी दरवर्षी नदीवर सांगतो. पहिल्या संध्याकाळी, दगड हातात घेऊन. वर्गात कधी सांगत नाही, कारण वर्गात ते समजत नाही." आणि पुढे म्हणाले, "तू नदीवर आलीच नव्हतीस."

नदीवर पुन्हा जाऊन नवे दगड आणावेत, हे सगळ्यांनाच सुचलं. सर एकटे गेलेही, दिवाळीच्या सुटीत. पण त्या पावसाळ्यात नदीने काठावरची ती पांढऱ्या थराची पायरी गाळाखाली घातली होती. परत आले ते लंगडतच, गुडघा सुजलेला. संपादकांना उत्तर द्यायचं होतं. मग उरली ती मागची वाट.

आम्ही तिघं वाटेवर बसलो. सर, नाना आणि मी. कॉलेज सुटल्यावर ऊन कलेपर्यंत. सर गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन सरकायचे. प्रत्येक कपची उचलायची, उलटी करायची, पाण्याच्या बादलीत बुडवायची, तिरप्या उन्हात धरायची, आणि काही नसलं की मागे टाकायची. पावसाने, चपलांनी, नानांच्या सायकलने बरंच काही घासून गेलं होतं. जाणारी-येणारी मुलं थांबायची.

"सर, अंगठी पडली का?"

सर वर न बघता म्हणायचे, "नाही रे."

"मग काय हरवलं?"

नाना उत्तर द्यायचे, "सरना समुद्र हरायना. तुम्ही बी बठा शोधाले."

दोन मुलं खरंच बसली, अर्धा तास. मग त्यांच्या गाडीची वेळ झाली.

पाचव्या दिवशी नानांना कंटाळा आला. ते म्हणाले, "सर, हाई गोगलगाय मरी गयी, पन तुम्हना पिच्छा सोडत नही."

"मीच तिचा सोडत नाहीये, नाना," सर म्हणाले.

तो तुकडा मला सापडला, सहाव्या दिवशी. आंब्याच्या कोयीएवढा. आतल्या खोलगट बाजूला बारीक रेघा होत्या, दोऱ्यासारख्या, आणि रेघांवर खळगे. मी तो बादलीत धुतला. "सर," एवढंच म्हणता आलं.

सर उठायला गेले ते गुडघ्यामुळे पुन्हा बसले. नानांनी हात दिला. आत आल्यावर सरांनी त्रेसष्ट साच्यांमधून एकेक घेऊन त्या खोबणीत बसवून बघायला सुरुवात केली. घाई नव्हती. एक्केचाळीस नंबरचा साचा बसला. त्याचं टोक माझ्याच दाभणाने किंचित उडालेलं होतं आणि ते उडालेलं टोक तुकड्याच्या कोपऱ्यात अडकून राहिलं होतं. शंकेला जागाच नव्हती. फक्त साचा आणि दगड यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकेल एवढी फट राहत होती. सरांनी खरोखरच पुठ्ठ्याचा एक तुकडा त्यात सरकवला.

"ही फट बघ," ते म्हणाले. "हे तिचं कवच. एवढंच उरलंय."

नक्षी सुलटी दिसावी म्हणून त्या खोबणीत काहीतरी मऊ दाबायला हवं होतं. प्लॅस्टर संपलेलं होतं. सर म्हणाले, "नाना, घरात कणीक मळलेली असेल का?"

"कनीक?" नाना म्हणाले. "आते गोगलगायले पोयी खावाडतस का?" पण जाऊन घेऊन आले, लिंबाएवढा गोळा, तेल लावलेला.

सरांनी कणीक हलकेच दाबली आणि सोडवली. कणकेवर गोगलगायीचं अंग उमटलं. प्रत्येक वेटोळ्यावर तीन ठळक रेघा आणि त्यांवर मण्यांसारखे उंचवटे. मी तशी नक्षी कुठेच बघितली नव्हती. मी म्हटलं, "सर, किती छान आहे!" आणि हसले. नानाही हसले.

सरांनी कपाटातून एक जुनं जाड पुस्तक काढलं. नर्मदेच्या पलीकडच्या काठावरच्या दगडांतल्या गोगलगायींचं. त्यात चित्रांची पानं होती. त्यांना पान शोधावं लागलं नाही. चित्र बघितलं, कणकेकडे बघितलं, भिंगातून पुन्हा दोन्ही बघितलं. मग पुस्तक माझ्याकडे फिरवलं. तीन रेघा. मणी. तीच गोगलगाय, कवचासकट सापडलेली, फार जुन्या काळी वर्णन झालेली, नाव ठेवलेली. कवच जाड होतं, म्हणून ते विरघळल्यावर वेटोळी गोल आणि मधल्या खाचा खोल दिसत होत्या. चौदा वर्षं सरांनी जे मोजलं होतं ते बरोबर मोजलं होतं. फक्त ती नवी नव्हती.

"झालं," सर म्हणाले.

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पुस्तक कळलं नव्हतं. सरांचा चेहरा कळला होता.

दुसऱ्या दिवशी आमचे विभागप्रमुख प्रयोगशाळेत आले. मी कोपऱ्यात ट्रे पुसत होते. ते वाईट माणूस नव्हते. सरांचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं. म्हणाले, "फेगडे, एक तुकडा. तोही रस्त्यावर सापडलेला. कोण विचारणार आहे? संपादकांनी काय लिहिलंय, मिळाले असल्यास. तुम्ही लिहा, उपलब्ध नाहीत. खोटंही नाही फारसं. चार दिवसांपूर्वी नव्हतेच."

सर म्हणाले, "हो."

"मग लिहा आजच. पीएच.डी. होऊन जाऊ द्या. रिटायर व्हायच्या आधी रीडरची बढती घ्या. वहिनींनाही बरं वाटेल."

सर पुन्हा "हो" म्हणाले.

ते गेल्यावर मी सरांजवळ गेले. हे लिहायला मला लाज वाटते, पण दिसलं तेच लिहायचं तर लिहिलं पाहिजे. मी म्हटलं, "सर, तो तुकडा मी परत वाटेवर टाकून येऊ का?"

त्यांनी तुकडा उचलून माझ्या हातात दिला नाही आणि काढूनही घेतला नाही. तो टेबलावरच होता. "ठेव आता," ते म्हणाले. "आज डोकं चालत नाहीये."

दोन दिवस ते आलेच नाहीत. शनिवारी जळगावच्या गाडीत दिसले. जागा असून उभे होते. गाडी फागण्याच्या पुढे गेली तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसले.

"पत्र लिहिलं होतं मी," ते म्हणाले. "बाहेरचे ठसे उपलब्ध नाहीत, असं. टाईप नाही केलं, हातानेच लिहिलं. पाकिटात घातलं, डिंक लावला."

मनात म्हटलं, बरं झालं.

"मग झोप येईना. असं वाटत राहिलं की आणखी वीस वर्षांनी एखादी पोरगी त्या नदीवर जाईल. तुझ्यासारखीच. घरातली पहिली. बाहेरचा ठसा तिला सापडेल, चांगला, माझ्यापेक्षा चांगला. ती माझा पेपर काढून बघेल. त्यात लिहिलेलं असेल की ही वेगळी जात आहे. तर ती काय म्हणेल?"

"तुमचं चुकलं, असं म्हणेल."

"तू म्हटलं असतंस?"

मी विचार केला. पारोळ्याच्या अलीकडचं वळण आलं होतं. "नाही," मी म्हटलं. "माझंच काहीतरी चुकलं असं वाटलं असतं. छापलेलं आहे ना ते."

"तेच," सर म्हणाले. "शिकलेल्या घरातली असेल तर भांडेल. ही नाही भांडायची. गप्प बसून आपलाच दगड टाकून देईल." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. वरची कडा फाडलेली होती. "दुसरं लिहिलंय. पेपर परत मागवलाय."

मी उतरले तेव्हा ते खिडकीशी सरकून बसले होते. डोळे मिटलेले होते. झोपले होते की नुसते दमले होते, ते कळलं नाही.

पुढे त्या नियतकालिकात अर्ध्या पानाची टीप छापून आली. नर्मदेच्या उत्तरेला ठाऊक असलेली ही गोगलगाय दक्षिण काठावरही आढळते, आणि तिचे आतले साचे नवी जात वाटण्याइतके वेगळे दिसतात, सबब जपून असावे, एवढंच. खाली आभारात आत्माराम नानांचं आणि माझं नाव होतं. नानांनी ते पान मागून घेतलं आणि खोलीतल्या आरशाशेजारी चिकटवलं. आपलं नाव कुठे आहे, हे त्यांना बोट ठेवून दाखवावं लागलं होतं. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतः बोट ठेवून दाखवायचे. सरांची पीएच.डी. मात्र राहिली. रीडरही ते झाले नाहीत. थोरल्या भावाने काय म्हटलं ते मी विचारलं नाही.

मी आता पहूरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. सर निवृत्त होऊन जळगावला गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. जाऊ, जाऊ म्हणत राहिले. मग एक दिवस कुणाकडून तरी कळलं, आणि तेही उशिरा.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते एप्रिलमध्ये, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. माझी टी.वाय.ची परीक्षा संपली होती आणि मी ग्रंथालयाचं पुस्तक परत करायला गेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. धुळ्यात त्या वेळी कुत्रंही रस्त्यावर नसतं. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. सर आत एकटे बसले होते, पंखा बंद, बनियनच्या वर शर्टाची बटणं मोकळी, मानेवर ओला रुमाल. समोर त्रेसष्ट गोगलगायी ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीच्या डबीत एक चिठ्ठी असायची, नाव, ठिकाण, आणि खाली, कोणी ओळखली त्याचं नाव. सर नव्या चिठ्ठ्या लिहीत होते. पुस्तकातलं जुनं नाव, सुवाच्य अक्षरात, प्रत्येकीवर पुन्हा पुन्हा. एक लिहून झाली की फुंकर मारायचे, शाई वाळली की डबीत ठेवायचे.

"मी लिहू का काही?" मी विचारलं.

"नको. अक्षर एकाचंच असलेलं बरं."

डब्यांमधून काढलेल्या जुन्या चिठ्ठ्या टेबलाच्या कडेला पडल्या होत्या. त्यांवर खानदेशेन्सिस लिहिलेलं होतं आणि खाली सरांचं नाव. काहीतरी मदत करावी म्हणून मी त्या गोळा केल्या आणि टोपलीकडे निघाले.

"ताई, टाकू नको त्या."

मी थांबले.

"नवी वर ठेवायची आणि जुनी तिच्या खाली. दोन्ही राहतात डबीत. नियमच आहे तसा." ते लिहायचे थांबले नव्हते. "पुढे जो उघडेल त्याला कळलं पाहिजे, इथे कोण चुकलं होतं ते."

मी चिठ्ठ्या परत आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. नंबर बघून त्यांनी एक उचलली, नीट दुमडली आणि डबीत तळाशी सरकवली. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून मान मागे घेत होते. मला माझ्या गाडीची वेळ झाली होती. जाता जाता मी भिंतीवरच्या बटणाजवळ थांबले आणि विचारलं, "सर, थोडा वेळ पंखा लावू का?"

"नको," ते म्हणाले. "चिठ्ठ्या उडतील. एकोणीस राहिल्यात अजून."